गरिबी निवारणाचे कायदे आणि गावाची जबाबदारी

(रेवस, ता. अलिबाग येथील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानावरून)



कृषी विद्यापीठाचा माणूस गावात आला म्हणजे तो बियाणे, खते आणि कीड-रोग यांवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असते. ती रास्तच आहे. खारजमिनीतील भाताबद्दल चार गोष्टी पुढे सांगणारही आहे. परंतु आजचा मुख्य विषय निराळा आहे. गावातील गरिबी कोणत्या कायद्यांनी आणि धोरणांनी कमी झाली, ते कायदे कोणी मागितले, आणि अजून जे मागे राहिले आहेत त्यांच्यासाठी आपण काय मागावे, हा तो विषय.

हा विषय शेतीबाहेरचा आहे असे कोणी समजू नये. एकाच पावसावर जगणाऱ्या दोन घरांपैकी एका घराला सुधारित बियाणे घेणे परवडते आणि दुसऱ्या घरात आषाढ-श्रावणात दोन वेळची चूल पेटण्याची पंचाईत असते. अशा गावात नुसते बियाणे वाटून उत्पन्न वाढत नाही. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला पीक कर्ज मिळत नाही, पीक विमा मिळत नाही, अनुदानही मिळत नाही. आपल्या सर्व योजनांचे दार सातबाराच्या उताऱ्याने उघडते. हा उतारा कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही, याला आपल्याकडे जातीचा आणि जमातीचा इतिहास आहे. म्हणून थोडे मागे जाऊन पाहू.

चरीचा संप: मागणीतून कायदा

रेवसपासून धरमतर खाडीच्या काठाने आत गेले की पोयनाडच्या बाजूला चरी हे गाव लागते. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी तेथे शेतकऱ्यांची सभा झाली आणि खोतांची जमीन कसायची नाही असा निर्णय झाला. या संपाचे पुढारी कै. नारायण नागू पाटील होते. आसपासची २५ गावे त्यात उतरली. त्या काळी कुळाने पिकविलेल्या भातातील मोठा वाटा खोताच्या खळ्यात जात असे. त्यावर खोताकडे वेठबिगार करावी लागे. पावसाळ्यात उचललेल्या भाताची फेड सुगीला दिडीने-दुपटीने होई. वर्षभर राबून कुळाच्या कणगीत फारसे काही उरत नसे.

संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे जमीन ओसाड ठेवणे ही शेतकऱ्याच्या जिवावरची गोष्ट आहे. लोकांनी जंगलातली लाकडे विकली, खाडीत मासेमारी केली, मिळेल ती मजुरी केली, पण नांगर धरला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ मध्ये चरीच्या शेतकरी परिषदेला आले. पुढे १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईला विधिमंडळावर गेला. बाबासाहेबांचे ते विधेयक मंजूर झाले नाही. परंतु विषय एकदा विधिमंडळाच्या टेबलावर आला तो मागे गेला नाही. १९३९ चा कुळवहिवाट कायदा झाला. १९४८ मध्ये तो अधिक व्यापक झाला. १९४९ मध्ये खोती नष्ट करण्याचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ हा दिवस 'कृषक दिन' ठरला आणि त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचा मालक मानले गेले.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, आपल्यापैकी अनेकांच्या सातबारावर आज जे नाव आहे ते कोणाच्या मेहेरबानीने आलेले नाही. शेतात संप, गावात परिषद, वर्तमानपत्रात लिखाण आणि विधिमंडळात विधेयक अशा चारही बाजूंनी प्रयत्न झाले तेव्हा ते आले. दुसरी गोष्ट अशी की, त्या लढ्यात आगरी, कुणबी, महार अशा निरनिराळ्या जातींचे कष्टकरी एका मागणीवर एकत्र आले होते. ते वेगवेगळे राहिले असते तर खोतांना अडचण पडली नसती.

कायद्यातून कोण राहिले?

आता या कायद्याची दुसरी बाजू पाहू. कुळकायद्याने जमीन कुळाला दिली. ज्याचे नाव कूळ म्हणून लागले होते किंवा ज्याला वहिवाट सिद्ध करता आली, त्याचा फायदा झाला. परंतु जो केवळ मजूर होता, ज्याच्या नावाची कोठेही नोंद नव्हती, त्याला त्या कायद्यात जागा नव्हती. आपल्या जिल्ह्यात असा सर्वांत मोठा समाज म्हणजे कातकरी.

खैरापासून कात काढणारे म्हणून कातकरी हे नाव पडले. शासनाने महाराष्ट्रातील ज्या तीन जमाती विशेष मागास आदिम जमाती म्हणून नोंदविल्या त्यांत कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड येतात. कातकऱ्यांची मोठी वस्ती रायगड जिल्ह्यात आहे. जंगल राखीव झाले, काताचा धंदा गेला आणि हातात फक्त मजुरी उरली. भातकापणी आटोपली की मुकादम वाडीवर येतो, उचल देतो, आणि सगळे कुटुंब वीटभट्टीला किंवा कोळशाच्या भट्टीला जाते. मुलांची शाळा तेथेच तुटते. वैशाख-ज्येष्ठात हिशेब होतो तेव्हा उचल फिटलेली नसते, म्हणून पुढच्या वर्षाचे काम आधीच बांधले जाते. वेठबिगार पद्धती नष्ट करण्याचा कायदा १९७६ मध्ये झाला. त्या कायद्याने असे बांधून घेणारे कर्ज रद्द ठरते आणि त्यापायी कोणालाही अडकवून ठेवणे हा गुन्हा आहे. परंतु पावसाळ्यात घरात दाणा नसला की कायदा माहीत असूनही माणूस उचल घेतो.

आपल्या आजोबांच्या वेळची दिडी-दुपटी आणि आजची ही उचल यांत नावाखेरीज फार फरक नाही. हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार?

रोजगार हमी: महाराष्ट्राने देशाला दिलेली कल्पना

उचलीला उत्तर एकच आहे: गावातच काम आणि वेळेवर मजुरी. ही कल्पना महाराष्ट्रातच प्रथम रुजली. विधान परिषदेचे सभापती कै. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग करून पाहिला. १९७२ च्या दुष्काळात तिची कसोटी लागली. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख मजूर दुष्काळी कामांवर होते. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्यासाठी शहरातील नोकरदार आणि व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसविला गेला आणि तितकीच रक्कम शासनाने घालावी असे ठरले. शहराच्या कमाईतून खेड्यातल्या गरिबाला काम, अशी ही रचना होती.

या कायद्याचे वैशिष्ट्य असे की, त्यात काम हा हक्क मानला गेला. स्त्री आणि पुरुष यांना एकाच दराने मजुरी ठरली. हीच कल्पना घेऊन २००५ मध्ये केंद्राने सबंध देशासाठी १०० दिवसांच्या कामाचा कायदा केला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी १२५ दिवसांच्या हमीचा नवा कायदा मंजूर केला. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी सध्या लागू असलेले नियम ग्रामपंचायतीत किंवा पंचायत समितीत विचारून घ्यावेत. मात्र एक गोष्ट जुनी आणि अनुभवाची आहे. काम तोंडी मागू नये, लेखी मागावे आणि अर्जाची तारखेसह पोच घ्यावी. पोच नसेल तर काम मागितलेच नव्हते असे ठरते.

शेतकऱ्यांचे दोन आक्षेप

रोजगार हमीविषयी बोलले की बागायतदार आणि भातशेतकरी दोन आक्षेप घेतात. ते टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही.

पहिला आक्षेप असा की, या कामांमुळे शेतीला मजूर मिळत नाही. लावणी आणि कापणीच्या दिवसांत ही अडचण खरी आहे. परंतु कोकणात शेतीचे काम मुख्यतः जून-जुलै आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एकवटते. जानेवारी ते मे या काळात भातशेतीत मजुराला काम नसते, आणि नेमक्या याच काळात तो जिल्हा सोडून जातो. या महिन्यांत गावात काम निघाले तर तो गावात राहतो, आणि गावात राहिलेला मजूरच मृगाच्या पावसाला आपल्या शेतावर येऊ शकतो. म्हणून कामाला विरोध करण्यापेक्षा कामाचे महिने ठरवून मागणे शेतकऱ्याच्या हिताचे आहे. ग्रामसभेच्या ठरावात तसे स्पष्ट लिहावे.

मजुरीचे दर वाढतात ही तक्रारही यातच येते. दर वाढतात हे खरे. परंतु शेतमालाला भाव मागताना आपण उत्पादन खर्च धरा असे म्हणतो. मजुराच्या घरचा खर्च हासुद्धा त्याच्या कष्टाचा उत्पादन खर्चच आहे. एका हाताने रास्त भाव मागायचा आणि दुसऱ्या हाताने रास्त मजुरी नाकारायची, हे विधिमंडळापुढे टिकत नाही. भाताच्या भावाची आणि किमान मजुरीची मागणी एकाच निवेदनात केली तर त्या निवेदनाला वजन येते. मजुरीचा भार हलका करण्यासाठी सुधारित पद्धतींचा विचार करावा. आपल्याच जिल्ह्यात नेरळ येथे श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेली गादीवाफ्यावरची सगुणा भात पद्धत चिखलणी आणि लावणी वाचविते. ती प्रथम गोड्या जमिनीत थोड्या क्षेत्रावर करून पाहावी.

दुसरा आक्षेप असा की, खोटी हजेरीपत्रके भरली जातात आणि पैसा मधल्यामध्ये जातो. असे प्रकार घडले आहेत. त्यावर उपाय म्हणजे कामाच्या जागी हजेरीपत्रक सर्वांना पाहू देणे, मजुरी बँक किंवा टपाल खात्यात जमा होणे आणि ग्रामसभेपुढे सामाजिक अंकेक्षण होणे. ज्या गावात मजूर, शेतकरी आणि महिला मंडळ हे तिघेही हजेरीपत्रक वाचतात तेथे खोटी नावे फार दिवस टिकत नाहीत. घरात उंदीर झाले म्हणून कणगी जाळत नाहीत.

लहान शेतकऱ्यालाही लाभ

रोजगार हमी फक्त रस्त्याच्या खडीपुरती आहे, हाही गैरसमज आहे. १९९० पासून महाराष्ट्राने फळबाग लागवड रोजगार हमीशी जोडली. कोकणातील वरकस जमिनीवर आज दिसणाऱ्या आंबा-काजूच्या अनेक बागा त्यातून उभ्या राहिल्या. २००५ च्या केंद्रीय कायद्यातही अनुसूचित जाती-जमाती, भटक्या जमाती, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे, स्त्री कुटुंबप्रमुख असलेली कुटुंबे आणि अल्प व अत्यल्प भूधारक यांच्या स्वतःच्या जमिनीवर कामे घेण्याची तरतूद होती. म्हणजे एका एकराचा शेतकरी स्वतःच्याच बांधावर मजुरी मिळवून बाग लावू शकत होता. नव्या कायद्याच्या अंमलबजावणीतही ही तरतूद गावापर्यंत पोहोचली पाहिजे, ही मागणी लहान शेतकऱ्यांनीच लावून धरावी.

खारबांध: सर्वांचा सामाईक प्रश्न

रेवस ते धरमतर या पट्ट्यात सर्वांत मोठी भीती असते ती बाहेरकाठा फुटण्याची. उधाणाला एकदा खांड पडली आणि खारे पाणी भातखाचरात शिरले की पुढची काही वर्षे पीक हाती लागत नाही. पूर्वी शेतकरी एकत्र येऊन बांध राखीत असत. पुढे खारभूमी विकासाचे काम शासनाकडे गेले. त्यासाठी १९४८ चा आणि नंतर १९७९ चा कायदा झाला. काम शासनाकडे गेले आणि गावाची जुनी शिस्त ढिली पडली, पण उधाण शासनाच्या फाईलसाठी थांबत नाही.

येथे एक धोका लक्षात घ्यावा. खांड बरीच वर्षे तशीच राहिली की शेतात कांदळवन उगवते. ऑक्टोबर २००५ मधील मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशापासून कांदळवनाला कडक संरक्षण आहे आणि ते तोडता येत नाही. कांदळवन किनाऱ्याचे रक्षण करते, माशांच्या पिलांना आसरा देते, म्हणून ते राखलेच पाहिजे. परंतु बांधाची दुरुस्ती वेळेवर न झाल्यामुळे जमीन गेली तर नुकसान लहान खातेदाराचे होते. म्हणून खांड पडताच आठ दिवसांत तलाठी व कृषी सहायक यांच्याकडून पंचनामा करून घ्यावा, छायाचित्रे काढावीत आणि गट क्रमांकांसह खारभूमी विभागाला लेखी कळवावे. आतील लहान बांध आणि उघाडीकडे जाणारे चर यांची कामे उन्हाळ्यात रोजगार हमीतून घेता येतील का, हे ग्रामपंचायतीने तपासून आराखड्यात घालावे. त्यातून मजुराला काम मिळते आणि शेतकऱ्याची जमीन वाचते.

पिकाच्या बाजूने इतके करावे. कापणी झाल्यावर जमीन उघडी तापू देऊ नये. शक्य असल्यास लगेच नांगरट करावी किंवा पेंढ्याचे आच्छादन करावे, म्हणजे खालचे क्षार वर येत नाहीत. पहिल्या पावसाचे पाणी खाचरात अडवून दोन-तीन वेळा काढून टाकावे. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने दिलेल्या पनवेल १, पनवेल २ आणि पनवेल ३ या क्षार सहन करणाऱ्या जातींपैकी आपल्या खाचराला योग्य ती निवडावी. रोपे थोडी जून घ्यावीत आणि चुडात रोपांची संख्या जास्त ठेवावी.

घराखालची जागा आणि जंगलातील शेत

गेल्या काही वर्षांत या किनाऱ्यावर जमिनीचे भाव वाढले आहेत. जानेवारी २०२४ मध्ये मुंबईहून न्हावा-शेव्याकडे येणारा सागरी सेतू सुरू झाला. रेवस-करंजा पुलाची चर्चा तर आपण अनेक वर्षे ऐकत आहोत. भाव वाढला की ज्याच्याकडे सातबारा आहे त्याला निदान 'नाही' म्हणण्याचा अधिकार असतो. सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत विशेष आर्थिक क्षेत्राबाबत शासनाने शेतकऱ्यांचे मत घेतले आणि शेतकऱ्यांनी मोठ्या संख्येने विरोध नोंदविला. मत मात्र जमीन नावावर असलेल्यांचे घेतले गेले. त्याच शेतांवर राबणाऱ्या भूमिहीन मजुराला कोणी विचारले नाही.

अनेक कातकरी वाड्या आजही दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेल्या आहेत. मालकाने जमीन विकली की नवा मालक कुंपण घालतो आणि दोन-तीन पिढ्यांची वाडी एका दिवसात अतिक्रमण ठरते. गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार महसूल संहितेने जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. वाडी गावठाणात घ्यावी असा ठराव ग्रामसभेने करून पाठविला तर त्या अधिकाराच्या वापराला बळ मिळते. हा ठराव वाडीने एकटीने करून भागत नाही. गावातील शेतकऱ्यांनी हात वर केला पाहिजे.

जंगलजमिनीबाबत २००६ चा वनहक्क कायदा आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला प्रत्यक्ष कसवणुकीइतका, कमाल ४ हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावाने होतो. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे करावयाचा असतो आणि पुराव्यात गावातील वडीलधाऱ्यांचा जबाबही ग्राह्य आहे. म्हणजे शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची एक खरी साक्ष एका कुटुंबाला जमिनीवर उभी करू शकते. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने आदिम जमातींसाठी घर, रस्ता, पाणी यांची पीएम जनमन योजना सुरू केली. तिचा लाभ घेतानाही आधार, शिधापत्रिका आणि जातीचा दाखला आडवा येतो. हे दाखले काढून देण्यासाठी वाडीवरच शिबिर लावण्याची मागणी करावी.

प्रत्यक्ष काय करावे?

धोरण मुंबई-दिल्लीत ठरते हे खरे, परंतु त्यासाठी लागणारी माहिती गावात असते. म्हणून पुढील कामे हाती घ्यावीत.

१) गावातील भूमिहीन कुटुंबे, स्थलांतर करणारी कुटुंबे, दाखले नसलेली माणसे आणि नादुरुस्त बांध यांची यादी करावी. आकडे स्वतः मोजावेत, अंदाजाने लिहू नयेत.

२) २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांपूर्वी विषय लेखी द्यावा. महिलांची सभा आधी घ्यावी. वाडीवरच्या लोकांना सोयीची वेळ ठरवावी. मजुरीच्या वेळेत सभा ठेवली तर गरीब माणूस येत नाही आणि मग त्याला विचारलेच नाही असे होते.

३) ठरावात मागणी, महिना, जागा आणि कुटुंबांची संख्या लिहावी. 'गरिबांना मदत व्हावी' अशा मोघम ठरावाचा उपयोग नाही.

४) ठरावाची प्रत पंचायत समिती, तहसीलदार, आमदार व जिल्हा परिषद सदस्य यांना द्यावी आणि प्रत्येक ठिकाणी पोच घ्यावी.

५) महिनाभरात उत्तर न आल्यास माहिती अधिकाराखाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करावा. गरज पडल्यास जिल्ह्याच्या लोकशाही दिनात विषय मांडावा.

६) निवेदनावर शेतकरी आणि मजूर, गावठाण आणि वाडी, स्त्री आणि पुरुष अशा सर्वांच्या सह्या किंवा अंगठे असावेत. एका आळीची मागणी ही तक्रार ठरते. सर्व गावाची मागणी झाली की तिचा विचार करावा लागतो.

बंधूंनो आणि भगिनींनो, चरीच्या शेतकऱ्यांनी संप सुरू केला तेव्हा कायदा त्यांच्या बाजूने नव्हता. त्यांना तो घडवावा लागला आणि त्यासाठी सहा वर्षे उपाशीतापाशी काढावी लागली. आपल्या हातात आज कायदे आहेत, ग्रामसभा आहे, माहितीचा अधिकार आहे. आपल्याला नांगर खाली ठेवायचा नाही, फक्त सभेला जाऊन बसायचे आहे आणि ज्याच्या नावाची कोठे नोंद नाही त्याचे नाव यादीत घालायचे आहे. येत्या ग्रामसभेला प्रत्येकाने वाडीवरच्या एका तरी कुटुंबाला सोबत घेऊन यावे आणि त्याचा अर्ज आपल्यासमोर दाखल करून पोच घ्यावी. एवढे काम या मेळाव्यातून झाले तरी पुष्कळ झाले.